घरी घडविलेली विजेची गाडी : एका निवडीचा इतिहास



मोटार दुरुस्तीच्या दुकानांतून हल्ली एक प्रश्न वारंवार कानी येतो. जुन्या मोटारीचे इंजिन काढून टाकावे आणि तिच्यात विजेची मोटर बसवावी, असे जमेल काय? विचारणारा बहुधा हौशी असतो, हाताला कसब असलेला असतो, आणि त्याचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो : मोटर कोणती घालू? बॅटरीचे तो शेवटी विचारतो. जणू ती पेट्रोलच्या टाकीसारखी कोठेतरी मागे ठेवून द्यावयाची वस्तू आहे. आज मला जो इतिहास सांगावयाचा आहे तो नेमका या क्रमाविरुद्ध बोलतो. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत ज्यांनी ज्यांनी विजेची गाडी घडविली, त्यांच्यापैकी मोटरीने फारच थोड्यांना अडविले. ज्यांना अडविले त्यांना बॅटरीने अडविले.

दुधनीत बसून हा विषय बोलताना एक गोष्ट डोळ्यांसमोर येतेच. येथील लोहमार्ग हा मुंबईहून मद्रासकडे जाणाऱ्या जुन्या जी. आय. पी. रेल्वेचा. १८७१ साली तो रायचूरला जाऊन मद्रासकडील मार्गाला मिळाला. त्यावर शंभर वर्षे कोळसा जळला, पुढे डिझेल जळले, आणि आता विजेची इंजिने धावतात. हजारो टनांची मालगाडी ओढणाऱ्या त्या इंजिनाला विजेची चिंता नसते, कारण वीज ते बरोबर बाळगीतच नाही. डोक्यावरील तारेतून लागेल तेवढी घेते. १९०७ साली मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेची ट्राम आली, १९२५ साली व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत विजेची आगगाडी सुरू झाली, १९३० साली दख्खनची राणी पुण्याहून निघू लागली. सदतीस फुटांत एक फूट चढणाऱ्या बोरघाटात विजेच्या इंजिनांनी वाफेच्या इंजिनांना सहज मागे टाकले. म्हणजे चाक फिरविण्याचे काम वीज उत्तम करते, हा प्रश्न आपल्या प्रांतात शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघाला होता. तारेपासून सुटलेल्या गाडीने वीज बरोबर कशी न्यावी, हा प्रश्न मात्र उरला.

त्याची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. १८५९ साली गास्ताँ प्लान्ते याने शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. १८८१ साली कामिय फोर याने त्या पत्र्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देण्याची युक्ती काढली आणि ती बॅटरी कारखान्यात करता येण्याजोगी झाली. त्याच साली पॅरिसच्या रस्त्यावर गुस्ताव्ह त्रुव्हे याने एक तीनचाकी चालवून दाखविली. ती तीनचाकी इंग्लंडमध्ये तयार झालेली होती. मोटर सीमेन्सच्या घडणीची होती, तिच्यात त्याने आपल्या हाताने सुधारणा केली होती. बॅटऱ्या त्याच्या स्वतःच्या. आपल्या गल्लीतला हौशी कारागीर आज जे करू पाहतो तेच त्रुव्हेने केले : एकाकडून सांगाडा, दुसऱ्याकडून मोटर, आणि जोडणी स्वतःची. जगातील पहिल्या विजेच्या गाड्यांपैकी एक अशी घरीच जुळविलेली होती, हे मला फार बोलके वाटते.

पुढील वीस वर्षे विजेच्या गाडीच्या वैभवाची. १८९९ साली बेल्जमचा कामिय झेनात्सी ताशी १०५ किलोमीटरांहून अधिक वेगाने धावला; शंभराचा आकडा ओलांडणारी ती पहिली मोटार, आणि ती विजेची होती. १९०० च्या सुमारास अमेरिकेत तयार होणाऱ्या मोटारींपैकी तिसरा हिस्सा तरी विजेचा होता. पेट्रोलची गाडी सुरू करण्यासाठी समोर उभे राहून लोखंडी दांडा फिरवावा लागे, आणि तो उलटला तर मनगट मोडे. विजेच्या गाडीला ही कटकट नव्हती. एडिसनसारख्या पुरुषाने शिशाला पर्याय म्हणून निकेल-लोखंडाच्या बॅटरीवर अनेक वर्षे घालविली. पहिली आवृत्ती गळू लागली तेव्हा ती बाजारातून परत घेतली आणि पुन्हा कामाला लागला. त्याची बॅटरी दणकट होती, पण थंडीत मरगळे. (सोलापूरच्या हवेत तिला ही तक्रार कधी करता आली नसती.) मग १९१२ साली चार्ल्स केटरिंगने कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर बसविला, आणि दांडा गेला. गंमत अशी की, विजेच्या गाडीला हरविणारा हा स्टार्टर स्वतः बॅटरीवरच चालत होता. एक लहान बॅटरी पेट्रोलच्या सेवेत रुजू झाली आणि तिने आपल्या मोठ्या भावंडांना रस्त्यावरून उठविले.

यामागील हिशेब साधा आहे. एक किलो पेट्रोलात सुमारे साडेबारा हजार वॅट-तास एवढी उष्णता असते. इंजिन त्यातला मोठा भाग धुराड्यातून आणि पाण्यातून वाया घालविते. तरी दोन-अडीच हजार वॅट-तास चाकाला मिळतात. एक किलो शिशाच्या बॅटरीत तीस ते चाळीस. साठ-सत्तर पटींचे हे अंतर कोणत्याही मोटरीच्या कौशल्याने भरून निघणारे नव्हते.

विजेची गाडी कारखान्यांतून गेली, पण हौशी लोकांच्या परसातून गेली नाही. १९६७ साली कॅलिफोर्नियात अशा हौशी लोकांनी आपली संस्था काढली, आणि १९७३ च्या तेलटंचाईनंतर त्यांची संख्या वाढली. त्यांनी सुटे भाग कोठून आणले? महायुद्धातून उरलेल्या विमानांच्या जनित्रांतून मोटरी घेतल्या. गोदामांत माल उचलणाऱ्या ट्रकांच्या मोटरी घेतल्या. गोल्फच्या मैदानावरील गाड्यांच्या सहा व्होल्टच्या बॅटऱ्या घेतल्या. भंगारातून निवड करावयाची असल्यामुळे त्यांना प्रत्येक भागाचा स्वभाव ओळखावा लागला, आणि ते ज्ञान आजही कामाचे आहे.

मोटारीची नेहमीची बॅटरी त्यांनी वापरून पाहिली आणि टाकून दिली. तिच्यातील पत्रे पातळ असतात, कारण तिचे काम क्षणभर मोठा प्रवाह देण्याचे, स्टार्टर फिरविण्याचे. ती रोज पार रिकामी केली तर काही महिन्यांत मरते. गोल्फच्या गाडीच्या बॅटरीचे पत्रे जाड असतात आणि ते खोलवर उपसा सोसतात. आपल्याकडे घरच्या इन्व्हर्टरला लागणारी नळीच्या पत्र्यांची बॅटरी याच जातीची. बॅटरीवर लिहिलेला आकडाही जसाच्या तसा घ्यावयाचा नसतो. शंभर ॲम्पिअर-तास हा आकडा बहुधा वीस तासांत सावकाश उपसल्याचा असतो. तीच बॅटरी एका तासात उपसली तर पंचावन्न-साठच हाती येतात. पॉइकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हे १८९७ सालीच मांडून ठेवले होते, तरीही नवा कारागीर यात फसतो.

मोटर त्यांनी निवडली ती ट्रामच्या कुळातली, जिला सिरीज मोटर म्हणतात. तीत एकच प्रवाह फिरत्या आणि स्थिर अशा दोन्ही वेटोळ्यांतून जातो, त्यामुळे गाडी उभी असताना आणि चढावर ती विलक्षण जोर लावते. ट्राम आणि घाटातील इंजिने याच गुणावर चालली. पण या मोटरीत एक दुर्गुण आहे : तिच्यावर ओझे नसेल तर ती वेडीपिशी पळत सुटते. गिअर न्यूट्रलमध्ये असताना कोणी पाय दाबला आणि मोटरीच्या चिंधड्या उडाल्या, असे अनेकांच्या बाबतीत घडले आहे. वेगावर ताबा ठेवण्यासाठी आरंभी बॅटऱ्यांची जोडणी बदलणारे खटके वापरीत, आणि गाडी धक्के खात चाले. पुढे सेकंदात हजारो वेळा प्रवाह तोडून जोडणारे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आले आणि धक्के थांबले.

गिअरबॉक्स ठेवावी की काढावी, यावर हौशी मंडळीत अजून वाद आहे. माझे मत ठेवावी असे आहे, निदान मोटर लहान असेल तर. मोटर थांबलेल्या गाडीबरोबर स्वतःही थांबते, म्हणून क्लचची गरज उरत नाही. पण चढावर खालचा गिअर हाताशी असणे ही मोठी सोय आहे. मोटरीचा दांडा आणि गिअरबॉक्सचा दांडा एका रेषेत आणणारी पोलादी तबकडी मात्र चांगल्या लेथवरच कातून घ्यावी. तेथे केसभर चूक झाली तर बेअरिंग सहा महिन्यांत वाजू लागते.

आपल्या देशात १९९३ साली केरळातील चालकुडी येथे 'लव्हबर्ड' नावाची दोन माणसांची विजेची मोटार निघाली आणि थोड्याच काळात विसरली गेली. २००१ साली बंगळुराहून 'रेवा' आली. तिच्यात सहा व्होल्टच्या आठ शिशाच्या बॅटऱ्या होत्या, आणि एका भरणीत सुमारे ऐंशी किलोमीटर जाते असे तिचे कर्ते सांगत. २०१० साली पुण्यात चालत्या पेट्रोल मोटारीला विजेची जोड देणारा 'रेव्होलो' हा संच जाहीर झाला, पण तो रस्त्यावर फारसा आला नाही. या साऱ्या मोटारी होत्या. पण मला ज्या प्रयत्नाविषयी आज अधिक बोलावयाचे आहे तो मोटारीचा नव्हे, सायकल-रिक्षाचा आहे, आणि तो सातारा जिल्ह्यात, फलटणला झाला.

फलटणला बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली शेती-संशोधनाची एक संस्था काढली. निंबकर कृषी संशोधन संस्था या नावाने ती ओळखली जाते. १९८१ साली अमेरिकेतून परतलेले अनिल राजवंशी हे अभियंते तेथे आले. गोड ज्वारीपासून मद्यार्क, त्यावर चालणारे दिवे आणि शेगड्या असले उद्योग तेथे चालत. या शेतीच्या संस्थेने १९९० च्या दशकात सायकल-रिक्षा हातात घेतली. तिला गिअर नव्हते. ब्रेक होता तो पुढच्या चाकाला. सांगाडा जड, आणि अनेक दशकांत त्यात कोणी शहाणपणाने हात घातला नव्हता. ती ओढणारा माणूस गरीब होता, एवढेच याचे कारण असावे.

फलटणच्या मंडळींनी ज्या क्रमाने काम केले तो क्रम मला या साऱ्या इतिहासात सर्वांत शहाणा वाटतो. आधी त्यांनी मोटर लावलीच नाही. आधी रिक्षा सुधारली : तिला गिअर दिले, मागच्या चाकांना ब्रेक दिले, वजन उतरविले. मग ओढणाऱ्याच्या पायांना साहाय्य करणारी छोटी मोटर लावलेली रिक्षा केली. आणि त्यानंतर पूर्णपणे विजेवर चालणारी केली, तिचे नाव 'इलेक्शा'. २००२ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात राजवंशी यांनी हा विचार सविस्तर मांडला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या क्रमाचे महत्त्व आकड्यांत पाहा. धडधाकट माणूस दिवसभर पायाने पाऊणशे ते शंभर वॅट एवढीच शक्ती देऊ शकतो. सायकल-रिक्षा त्या शक्तीवर चालते. म्हणजे सपाट रस्त्यावर सावकाश चालणाऱ्या हलक्या वाहनाला खरी गरज किती थोडी असते, हे रिक्षावाल्याच्या पायांनीच सिद्ध केलेले आहे. वजन उतरविले आणि चाकांचे घर्षण कमी केले, तर मोटर लहान लागते. मोटर लहान लागली की बॅटरी लहान लागते. बॅटरी लहान झाली की वजन आणखी उतरते. मोटारीत हेच चक्र उलटे फिरते आणि कारागिराला बुडविते. इलेक्शाला मोटर वापरली ती कायम चुंबकाची. अशा मोटरीत चुंबकत्व निर्माण करण्यासाठी वीज खर्चावी लागत नाही, म्हणून लहान कामात ती काटकसरी ठरते, आणि सिरीज मोटरीसारखी रिकामी पळत सुटत नाही. बॅटरी शिशाची, कारण त्या काळी परवडणारी दुसरी नव्हती.

पुढे काय झाले ते आपण पाहिलेच आहे. २०१० नंतर दिल्लीत आणि उत्तरेकडील शहरांत विजेच्या रिक्षा लोटल्या. बहुतेकांचे भाग चीनमधून येत आणि जोडणी गल्लीतल्या दुकानांत होई. बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या, हजार वॅटच्या आतबाहेरची मोटर, पत्र्याचा सांगाडा. ब्रेक आणि सांगाड्याचा विचार फलटणला जसा झाला तसा तेथे झाला नाही. बॅटऱ्या रोज पार उपसल्या जात, रात्री भलत्याच चार्जरवर उकळल्या जात आणि वर्षाच्या आत भंगारात जात. चालकाच्या मिळकतीचा केवढा तरी भाग या बदलीत जाई. २०१४ च्या जुलैअखेर दिल्लीच्या उच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली. मग ऑक्टोबरात नियम झाले : चार प्रवासी, दोन हजार वॅटपर्यंत मोटर, ताशी पंचवीस किलोमीटर वेग. २०१५ साली मोटार वाहन कायद्यातच दुरुस्ती झाली.

आता आपल्या हौशी कारागिराकडे येतो. समजा त्याची गाडी माणसांसह आठशे किलोची आहे. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी चाळीसच्या वेगाला चाकांचे घर्षण आणि वाऱ्याचा विरोध मिळून सुमारे एकशे सत्तर न्यूटन भरतात, म्हणजे चाकापाशी दोन किलोवॅटही लागत नाहीत. वाटेतील तूट धरली तर दर किलोमीटरला साठ-सत्तर वॅट-तास. थांबत-निघत गेल्यास शंभर धरावे. दुधनीहून अक्कलकोटला जाऊन परत यावयाचे असेल तर तेवढे अंतर मोजावे, त्यावर तिसरा हिस्सा वाढवावा, आणि जो आकडा येईल ती बॅटरी. मोटर त्यानंतर. रस्ता वीस फुटांत एक फूट चढू लागला, की सपाटीवरील घर्षणाच्या तिप्पट जोर नुसत्या चढाला लागतो. मोटरीचा आणि गिअरचा निर्णय त्या चढाने करावयाचा, सपाटीवरील वेगाने नव्हे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट धरावी लागते, ती उन्हाळा. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य दर दहा अंश उष्णतेमागे जवळजवळ निम्मे होते. एप्रिल-मेमध्ये आपला पारा चाळिसापलीकडे असतो, आणि पत्र्याच्या डिकीत कोंडलेल्या बॅटरीचे तापमान त्याहून वर. लिथियमच्या बॅटरीने वजनाचा प्रश्न पुष्कळ सोडविला. तिच्या जातींपैकी लोह-फॉस्फेटची जात उष्णतेत जास्त शांत असते. ती १९९७ च्या सुमारास अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या हाताखाली पुढे आली. त्या कामात पाढी हे संशोधक होते. तीही प्रत्येक घटावर पहारा ठेवणाऱ्या यंत्रणेवाचून वापरू नये. एक घट मर्यादेपलीकडे भरला किंवा उपसला, की सगळी माळ धोक्यात येते. येथे चार पैसे वाचविणारा पुढे गाडी गमावतो, कधी घरही.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. जुन्या मोटारीला विजेचा संच बसविण्यास परवानगी आहे, पण तो संच पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेला असावा लागतो आणि मान्यता मिळालेल्या बसविणाऱ्यानेच बसवावा लागतो. परसात जुळविलेली गाडी स्वतःच्या शेतात खुशाल चालवावी. रस्त्यावर तिची नोंदणी होत नाही. कारागिरांना हा जाच वाटतो. दिल्लीतील रिक्षांची स्थिती पाहिल्यावर मला तो तितकासा वाटत नाही.

शेवटी माथेरान. येथे मोटारींना मज्जाव आहे. दस्तुरीच्या नाक्यापासून पुढे माणसे चालत जात, घोड्यावर जात किंवा माणसांनी ओढलेल्या हातरिक्षात बसून जात. लाल मातीच्या चढावर एक माणूस पुढे ओढी आणि मागून ढकलणारे वेगळे असत. २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, आणि वाहनबंदी अधिक पक्की झाली. झाडे वाचविण्यासाठी केलेल्या बंदीत माणूसच इंजिन होऊन राहिला. हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या वतीने वर्षानुवर्षे अर्ज, विनंत्या झाल्या. अखेर २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगादाखल विजेच्या रिक्षांना परवानगी दिली आणि डिसेंबरात सात रिक्षा सुरू झाल्या. शाळेतील मुले तीन-तीन किलोमीटर पायी जात, ती रिक्षात बसून शाळेला जाऊ लागली.

येथे आपला हिशेब पुन्हा मांडून पाहा. माणसांसह सहाशे किलोची रिक्षा दहा फुटांत एक फूट चढावर ताशी दहा किलोमीटरने न्यावयाची, तर चाकापाशी जवळजवळ एकोणीसशे वॅट लागतात. सपाट दिल्लीसाठी जुळविलेली हजार वॅटची मोटर तेथे जळून जाईल. २०१४ च्या नियमांतील दोन हजार वॅटची मर्यादा कशीबशी पुरेल, तीही खालच्या गिअरात. उतारावर ब्रेकची परीक्षा वेगळीच. आणि याच चढावर आजवर दोन-तीन माणसे मिळून तीन-चारशे वॅटांत काम भागवीत आली, म्हणजे सपाट रस्त्यावर माणूस चालतो त्याहूनही मंद गतीने, छातीचा भाता करून.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने ही प्रथा माणसाच्या प्रतिष्ठेला बाधक ठरवून माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. अमृतसरच्या सायकल-रिक्षावाल्यांच्या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी १९८० साली दिलेल्या निकालाचे स्मरण त्यात केले होते. विजेच्या रिक्षा आजवर हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाव्यात, अशी योजना गुजरातेतील केवडियाच्या धर्तीवर राज्य सरकारने आखावी, आणि पैशाची अडचण ही सबब पुढे करू नये, असेही न्यायालयाने बजावले.